सीफोर्थचें घराणें आणि त्याची भूमि

कोंकणांतील विजयदुर्गास इंग्रज लोक 'घेरिया' म्हणत. १७८३ सालच्या एप्रिल महिन्यांत मुंबईहून दक्षिणेकडे निघालेलें 'रेंजर' नांवाचें इंग्रजी जहाज आनंदराव धुळप यांच्या आरमारानें या बंदरानजीक गांठलें. साळबाईचा तह झालेला होता. तरीही झुंज जुंपली आणि ती निकराची झाली. जहाजावरील जखमी अधिकाऱ्यांपैकीं एकानें त्या महिन्याच्या ३० तारखेस घेरिया येथेंच प्राण सोडला. त्याचें नांव थॉमस फ्रेडरिक मॅकेंझी हंबर्स्टन. हा स्कॉटलंडांतील मॅकेंझी कुळाचा नायक आणि सीफोर्थच्या विस्तीर्ण जहागिरीचा धनी होता. ज्याचा नायक असा परमुलखीं पडला, त्या कुळाचा इतिहास मनन करण्याजोगा आहे.

'क्लॅन' हा शब्द गेलिक भाषेंतला असून त्याचा मूळ अर्थ 'लेकरें' असा आहे. मराठींत 'कूळ' या शब्दाचे वंश आणि खंडकरी असे दोन अर्थ होतात. मॅकेंझींच्या मुलखांत ते दोन्ही एकत्र नांदत होते. लोकांनीं युद्धप्रसंगीं शस्त्र घेऊन यावें आणि नायकानें त्यांस जमीन, न्याय व आश्रय द्यावा, असा हा अलिखित करार होता. स्काय बेटासमोरील किनटेलचा डोंगराळ प्रदेश हें या घराण्याचें जुनें वतन. समुद्राच्या तीन फाट्यांच्या संगमावर आयलन डोनन हा त्यांचा किल्ला. त्याचे रक्षक मॅक्रे लोक. त्यांस 'मॅकेंझींचें चिलखत' म्हणत. १६१० सालीं ल्यूईस बेट घराण्याकडे आलें आणि १६२३ सालीं नायकास 'अर्ल ऑफ सीफोर्थ' हा किताब मिळाला.

या कराराची खरी परीक्षा १७१५ नंतर झाली. पदच्युत स्टुअर्ट राजवंशाच्या बंडांत पांचवा अर्ल विल्यम सामील झाला, आणि बंड फसतांच त्याचा किताब व जहागीर सरकारजमा झाली. १७१९ च्या दुसऱ्या उठावांत इंग्रजी युद्धनौकांनीं आयलन डोनन उद्ध्वस्त केला. अर्ल परदेशीं पळाला. सरकारनें वसुलीसाठीं कारभारी नेमले. परंतु किनटेलच्या रयतेनें त्यांस दाद दिली नाहीं. डोनल्ड मर्चिसन नांवाचा अर्लचा विश्वासू माणूस गुप्तपणें खंड गोळा करून परागंदा धन्याकडे पाठवीत असे. १७२१ सालीं कारभारी शिपाई घेऊन निघाले, तेव्हां मर्चिसननें डोंगरवाटेंत त्यांस अडवून परत फिरविलें. १७२६ सालीं अर्लला माफी मिळाली. पुढें त्यानें मर्चिसनच्या निष्ठेची कदर केली नाहीं, अशी त्या प्रांतांत आख्यायिका आहे.

१७४६ च्या कलोडनच्या लढाईनंतर काळ पालटला. दुसऱ्याच वर्षीं कायद्यानें नायकांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले. न्याय गेला, शस्त्रें गेलीं. उरला तो खंड. नायक हळूहळू केवळ जमीनदार झाला आणि जमीन ही विकावयाची वस्तु झाली. १७७८ सालीं त्या वेळच्या सीफोर्थनें सरकारसाठीं पलटण उभारली आणि १७७९ सालीं कर्जापायीं सारी जहागीर एक लाख पौंडांस आपल्या नात्यांतील हंबर्स्टनला विकली. तो स्वतः १७८१ सालीं हिंदुस्थानच्या वाटेवर समुद्रांत वारला. दोन वर्षांनीं हंबर्स्टनही घेरियास मरण पावला.

त्याचा भाऊ फ्रान्सिस हा लहानपणींच तापानें बहिरा झालेला, पण बुद्धिमान गृहस्थ. त्यानें १७९३ सालीं उभारलेली अठ्ठ्याहत्तरावी पलटण १८०३ सालीं असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढली. गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या बर्बीस येथील मळ्यांत त्यानें पैसा गुंतविला आणि तो कर्जांत रुतत गेला. किनटेलचे तुकडे विकूं लागले, तेव्हां ती भूमि नायकासाठीं आपण विकत घेऊं असें रयतेनें सुचविल्याचें सांगतात. तें घडलें नाहीं. चारही पुत्र हयातींत गमावून तो १८१५ सालीं निवर्तला. १८४४ सालीं ल्यूईस बेट चीनच्या अफूव्यापारांत धनाढ्य झालेल्या जेम्स मॅथेसननें १,९०,००० पौंडांस घेतलें. पुढील दहा-बारा वर्षांत तेथील शेंकडों माणसांस कॅनडाची वाट धरावी लागली.

आयलन डोननची पुनर्बांधणी १९१२ ते १९३२ या काळांत एका मॅक्रे वंशजानेंच केली, आणि आज प्रवासी तो हौसेनें पाहतात. ब्राहनचा सीफोर्थांचा वाडा मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास पाडला गेला. परंतु इतिहासाचा खरा शेवट ल्यूईस येथें आहे. बेटाचे नंतरचे मालक लॉर्ड लिव्हरहुल्म यांनीं १९२३ सालीं स्टॉर्नोवे परिसराची जमीन तेथील रहिवाशांस दिली, आणि लोकांनीं निवडलेले विश्वस्त आजही तिचा कारभार पाहतात. ज्यांनीं परागंदा धन्यास खंड पोंचविला, त्यांस धन्यानें राखलें नाहीं. मात्र त्याच जहागिरीच्या एका कोपऱ्यांत कूळ अखेर स्वतःच धनी झालें.