तीनदा बंदी आणि एक छप्पर

१९७६ साली सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगातच न्यायालय भरलं. आरोप होता राज्य उलथवण्याच्या कटाचा. आरोपींत बलुचिस्तानचे माजी राज्यपाल गौस बक्ष बिझेंजो होते, माजी मुख्यमंत्री अताउल्ला मेंगल होते, संसदेतले माजी विरोधी पक्षनेते वली खान होते. शायर हबीब जालिबही त्यांच्यातच. या सगळ्यांचा पक्ष एक : नॅशनल अवामी पार्टी, म्हणजेच ‘नॅप’.

या पक्षाच्या जन्माला कारण झाली ‘वन युनिट’ योजना. पूर्व बंगालच्या लोकसंख्येला तोडीस तोड म्हणून ऑक्टोबर १९५५ मध्ये पंजाब, सिंध, सरहद्द प्रांत आणि बलुचिस्तान यांचा एकच पश्चिम पाकिस्तान प्रांत केला गेला. राजधानी लाहोर. सिंधी, पठाण आणि बलुच एका रात्रीत आपापल्या प्रांताला मुकले.

जुलै १९५७ मध्ये ढाक्यात नॅप स्थापन झाली, तेव्हा एका सतरंजीवर बसले ते बंगालचे शेतकरी नेते मौलाना भाशानी, सिंधचे जी. एम. सय्यद, बलुचिस्तानचे बिझेंजो आणि सरहद्द गांधी अब्दुल गफार खान. स्वतःच्या प्रांतात पाऊल ठेवायला इंग्रजांनी मनाई केली, तेव्हा १९३४ साली वर्ध्यात गांधीजींजवळ राहिलेले हेच ते खानसाहेब. वन युनिट मोडा आणि प्रांतांना स्वायत्तता द्या, ही पक्षाची मुख्य मागणी होती.

पुढच्याच वर्षी लष्करी कायदा आला आणि सगळ्याच पक्षांवर बंदी पडली. नॅपची ही पहिली बंदी. १९६७ मध्ये पक्ष फुटला : भाशानींचा गट पेकिंगकडे झुकलेला, वली खानांचा मॉस्कोकडे. १९७० मध्ये वन युनिट मोडलं आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत वली खानांचा गट सरहद्द आणि बलुचिस्तान या दोन्ही प्रांतांत प्रबळ ठरला. बांगलादेश युद्ध तोंडावर असताना लष्करी राज्यकर्ते याह्या खान यांनी दुसरी बंदी घातली. ती उठवली झुल्फिकार अली भुट्टोंनी, सत्तेवर येताच.

१९७२ मध्ये बलुचिस्तानात मेंगल मुख्यमंत्री झाले. सरहद्द प्रांतात नॅपच्या पाठिंब्यावर ‘जमियत उलेमा-ए-इस्लाम’ या पक्षाचे मुफ्ती महमूद मुख्यमंत्री झाले. ज्यांना फुटीर म्हणून हिणवलं जात होतं, त्या या दोन्ही सरकारांनी पश्तो किंवा बलुची नव्हे, तर उर्दू ही राजभाषा केली!

सरकारं टिकली जेमतेम दहा महिने. फेब्रुवारी १९७३ मध्ये इस्लामाबादच्या इराकी दूतावासात शस्त्रसाठा सापडला. तो बलुच बंडखोरांसाठी होता असं सांगून भुट्टोंनी काही दिवसांतच मेंगल सरकार बरखास्त केलं. निषेध म्हणून मुफ्तींनी राजीनामा दिला. बलुचिस्तानच्या डोंगरांत लष्कर उतरलं आणि बंड १९७७ पर्यंत धुमसत राहिलं. तरीही एप्रिल १९७३ मध्ये नव्या राज्यघटनेला वली खानांनी पाठिंबा दिला. पुढच्याच वर्षी भुट्टोंनी तिच्यात पहिली दुरुस्ती केली. एखादा पक्ष देशाच्या सार्वभौमत्वाला वा अखंडतेला बाधक असल्याचं सरकारनं घोषित करायचं, पंधरा दिवसांत प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवायचं आणि त्याचा निकाल अंतिम.

८ फेब्रुवारी १९७५ ला पेशावर विद्यापीठात बॉम्बस्फोट झाला आणि भुट्टोंचे सहकारी हयात शेरपाव मारले गेले. दोनच दिवसांनी नॅपवर तिसरी बंदी आली. ज्यांनी आधीची उठवली त्यांनीच ही घातली. ऑक्टोबरमध्ये सरन्यायाधीश हमूदुर रहमान यांच्या न्यायालयानं ती कायम केली.

भुट्टोंना हटवून आलेल्या झिया उल हक यांनी हैदराबादचा खटला गुंडाळला. नेते सुटले, पण मनं जुळलेली राहिली नव्हती. झियांशी कसं वागायचं यावर पठाण आणि बलुच नेत्यांचं बिनसलं. बिझेंजोंनी वेगळा पक्ष काढला. वली खानांनी १९८६ मध्ये अवामी नॅशनल पार्टी उभी केली; तिचं बळ मुख्यतः पठाणांत राहिलं.

२०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीनं समवर्ती सूची रद्द केली, प्रांतांना अधिकार दिले आणि सरहद्द प्रांताला ‘खैबर पख्तुनख्वा’ हे नाव दिलं. प्रांतात तेव्हा सत्ता होती ती वली खानांच्याच पक्षाची. नॅपचं म्हणणं बऱ्याच अंशी घटनेत आलं. पण बंगाली, सिंधी, बलुच आणि पठाण यांना एका छपराखाली आणणारा पक्ष पुन्हा उभा राहिला नाही. फुटीर ठरवून मोडला तो प्रांतांना एकत्र बांधू पाहणाराच पक्ष होता.