गाडीला चालक नाही, मग भरपाई कोण देणार?



मागच्या शब्बाथला तफिला आटोपून किद्दूशला बसलो असताना एका मित्राने आम्हाला विचारले, "सर, अमेरिकेत म्हणे चालकाशिवाय टॅक्सी धावते. उद्या ती इथे आली आणि मला धडक दिली, तर कोर्टात कुणाला उभे करू? कॉम्प्युटरला?" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यासारख्या काठी टेकत चालणाऱ्यांचा हिरवा दिवा रस्त्याच्या मध्यावरच संपतो. म्हणून आम्ही थोडे वाचन केले, ते येथे मांडतो.

आधी दोन प्रकारच्या गाड्यांतला फरक समजून घेऊ. पहिल्या प्रकारात गाडी चालकाला मदत करते. ती समोरच्या माणसाची सूचना देते, पट्ट्यात राहते, वेळ पडल्यास ब्रेक लावते. 1999 साली स्थापन झालेली आपल्या येरुशलायमची मोबिलाय कंपनी याच कामासाठी जगभर प्रसिद्ध आहे. अशा गाडीत जबाबदारी चालकाचीच असते. "गाडी आपोआप चालली होती" ही सबब चालत नाही. दुसऱ्या प्रकारात चालकाची जागा रिकामीच असते. फिनिक्स आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांत वेमो कंपनीच्या अशा टॅक्सी भाडे घेऊन धावतात. आपल्याकडे क्नेसेटने 2022 मध्ये वाहतुकीच्या कायद्यात दुरुस्ती करून अशा गाड्यांच्या चाचण्यांना वाट करून दिली.

अमेरिकेत अपघात झाला की बहुतेक ठिकाणी चूक कुणाची हे आधी ठरवावे लागते. 2018 साली अॅरिझोनातील टेम्पी शहरात रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी एक स्त्री उबरच्या चाचणीतील गाडीखाली सापडून मरण पावली. गाडी स्वतः चालत होती, पण देखरेखीसाठी आत एक व्यक्ती बसलेली होती. फौजदारी खटला त्या व्यक्तीवर झाला, कंपनीवर झाला नाही. 2023 मध्ये त्या व्यक्तीने गुन्हा कबूल केला. कुटुंबाशी कंपनीने आपसात तडजोड केली.

दुसरी घटना ऑक्टोबर 2023 मधली, सॅन फ्रान्सिस्कोची. माणूस चालवत असलेल्या एका गाडीने पादचारी स्त्रीला उडवले आणि ती गाडी पळून गेली. ती स्त्री पडली ती क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीसमोर. ती गाडी तिच्या अंगावर आली, थांबली, आणि मग कडेला जाण्यासाठी पुन्हा चालू होऊन तिला सुमारे सहा मीटर फरफटत घेऊन गेली. आता चूक कुणाची? पळालेल्या चालकाची, गाडी बनवणाऱ्याची, की कॉम्प्युटरला शिकवणाऱ्याची?

असा वाद वकिलांनी वर्षानुवर्षे घालावा. पण जखमी माणसाने तोवर काय करायचे? मुंबईत असताना आपण पाहिले आहे, अपघात झाला की चूक कुणाची ते जमलेली गर्दीच ठरवायची!

इस्राएलमध्ये मात्र 1975 पासून रस्ता-अपघातात जखमी झालेल्यांच्या भरपाईचा स्वतंत्र कायदा आहे. त्याला थोडक्यात 'पलताद' म्हणतात. त्याचे मुख्य तत्त्व असे की शरीराला इजा झाली असेल तर चूक कुणाची हे विचारायचेच नाही. मोटारगाडी वापरणाऱ्यावर आणि ती वापरण्याची परवानगी देणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी आहे, आणि पैसे 'बितुआख खोवा' म्हणजे सक्तीच्या विम्यातून मिळतात. गाडीत बसलेल्याने त्याच गाडीच्या विम्याकडे मागायचे, पायी चालणाऱ्याने धडक देणाऱ्या गाडीच्या विम्याकडे. दोन गाड्यांचा धक्का लागला असेल तर दोन्ही जबाबदार. गाडी पळून गेली किंवा तिला विमाच नसला, तर 'करनीत' हा निधी उभा राहतो.

सॅन फ्रान्सिस्कोतली ती स्त्री आपल्या देशात असती, तर कॉम्प्युटर चुकला की माणूस, हे तिला सिद्ध करावे लागले नसते. ब्रिटननेही 2018 च्या कायद्यात हाच विचार केला: विमा कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत, मग गाडी बनवणाऱ्याकडून वसूल करायचे ते तिने पाहावे.

हे सांगण्याचे खरे कारण वेगळेच आहे. आमच्या ओळखीच्या एक बाई बसमधून उतरताना पडल्या. मांडीचे हाड मोडले, पुढे घरात मदतीला माणूस ठेवावा लागला. त्यांनी भरपाई मागितलीच नाही. म्हणाल्या, "पाय माझा घसरला, बसवाल्याचा काय दोष?" पण गाडीत चढणे-उतरणे हाही कायद्याच्या दृष्टीने गाडीचा वापरच आहे, आणि दोष कुणी विचारतच नाही. आम्हाला हे कळले तोवर सात वर्षांची मुदत उलटून गेली होती. उद्या रिकाम्या खुर्चीची गाडी पाहून कुणी असेच म्हणेल, "दावा लावू कुणावर?" आणि घरी बसेल. तसे करू नका.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. गाडीचा नंबर टिपून घ्या. चालक नसेल तर गाडीवरचे कंपनीचे नावही टिपा. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि 'रस्त्यावरचा अपघात' असे कागदावर लिहवून घ्या. पोलिसांत नोंद करून त्यांचा दाखला घ्या. उपचार कुपत खोलीममधून मिळतात. बाकीच्या खर्चाच्या पावत्या जपा. मुलांनी किंवा शेजाऱ्यांनी केलेली मदतही लिहून ठेवा, तिचीही भरपाई मागता येते. अपघाताच्या वेळी अंगावर असलेला चष्मा किंवा कानाचे यंत्र फुटले तर तेही या कायद्यात येते. 

वकिलाची फी कायद्याने बांधलेली आहे: कोर्टात न जाता तडजोड झाली तर 8 टक्के, दावा लावल्यावर तडजोड झाली तर 11 आणि निकाल लागला तर 13, अधिक कर. कुणी जास्त मागितली तर सही करू नका.

एक कडू गोष्टही सांगतो. वेदना व त्रास यांच्या भरपाईत वयाच्या तिसाव्या वर्षानंतर दर वर्षामागे एक टक्का कापतात. पंचाहत्तरीच्या माणसाचे 45 टक्के गेले! म्हाताऱ्याचे हाड कमी दुखते असे कुणाला वाटले, कोण जाणे. पण उरलेले आपल्या हक्काचे आहे. ते सोडू नका, आणि ही माहिती ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.