बर्फात खणलेली वाट

फेब्रुवारीत जपानमधल्या तातेयामाच्या घाटात रस्ता दिसत नाही. बर्फाने सगळे चढउतार बुजवून टाकलेले असतात. वळण कुठे, कठडा कुठे, दरी कुठून सुरू होते, काही कळायला मार्ग नसतो. डिसेंबरपासून बंद असलेली ही वाट एप्रिलच्या मध्यावर पर्यटकांच्या बसगाड्यांसाठी मोकळी करायची असते आणि त्यासाठी यंत्रे ऐन थंडीतच कामाला लागतात. त्यात बर्फ उपसणे हे अर्धेच काम. खालचा रस्ता नेमका आहे कुठे हे आधी हुडकायचे, ही खरी कसोटी.

सर्वांत पुढचा बुलडोझर उपग्रहाच्या भरवशावर चालतो. चालकापुढच्या पडद्यावर रस्त्याचा नकाशा असतो आणि त्यावर त्याच्या यंत्राची जागा उमटत राहते. काचेबाहेर बघून फारसा उपयोग नाही, कारण आभाळही पांढरे आणि जमीनही पांढरी. रस्त्याच्या कित्येक मीटर वर, बर्फाच्या पाठीवर उभा राहून तो खालच्या डांबराचा माग पडद्यावर ठेवतो आणि वरून एकेक थर उतरवत जातो. मागून रोटरी यंत्र येते. त्याची फिरती पाती बर्फ भरडून आत ओढतात आणि वरच्या नळकांड्यातून कडेपलीकडे भिरकावतात. थर उतरत जातात तसतशा दोन्ही बाजूंच्या भिंती उंच होत जातात.

जगभरातले लोक जी बर्फाची भिंत पाहायला जपानला जातात, ती अशी रस्ता साफ करताना उरलेली बाजू आहे. २४५० मीटर उंचीवरच्या मुरोदो या पठारावर सरासरी सात मीटर बर्फ साठतो. पठाराच्या अलीकडे ओतानी नावाचा खोलगट भाग आहे. वारा आसपासचा बर्फ लोटून तिथे आणतो आणि त्यामुळे तिथली भिंत काही वर्षी २० मीटरपर्यंत चढते. हिवाळा कमजोर गेला तर बरीच कमी भरते. वसंतात सुमारे अर्धा किलोमीटरचा हा पट्टा चालणाऱ्यांना खुला असतो. रस्त्याची एक बाजू माणसांना, दुसरी बसना.

भिंतीला अगदी खेटून उभे राहिले की ती एकसारखी पांढरी नाही हे लक्षात येते. तिच्यात आडवे थर दिसतात. मध्येच काचेसारखी कठीण, निळसर पट्टी लागते. तिथे मध्येच कधीतरी ऊन पडून वरचा बर्फ वितळलेला असतो आणि पुन्हा गोठलेला असतो. वरच्या अंगाला एखादी मळकट पिवळसर रेघ असते. ती चीन-मंगोलियाच्या वाळवंटांतून वाऱ्यावर आलेली धूळ. आख्खा हिवाळा असा उभा कापून ठेवलेला असतो, आणि अभ्यासक तो थराथराने वाचतातही.

एवढा बर्फ येतो कुठून? सायबेरियाकडून सुटलेले कोरडे, गार वारे जपानचा समुद्र ओलांडताना उबदार सुशिमा प्रवाहावरून बाष्प उचलतात. पुढे किनाऱ्यापासून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवर तीन हजार मीटरचे डोंगर आडवे उभे आहेत. सह्याद्री पावसाळी ढगांशी जे करतो तेच हे डोंगर या वाऱ्यांशी करतात, फक्त इथे पाण्याऐवजी बर्फ कोसळतो.

हा सगळा मुलूख चुबू सांगाकु राष्ट्रीय उद्यानात येतो. जपानने १९३४ मध्ये पहिली राष्ट्रीय उद्याने जाहीर केली; डिसेंबरातल्या दुसऱ्या तुकडीत याचा नंबर लागला. तोयामा, नागानो, गिफू आणि निगाता या चार प्रांतांत मिळून ते सुमारे १७४० चौरस किलोमीटर पसरले आहे. अरण्यात शिरल्याची भावना मात्र इथे चटकन येत नाही. इथे माणूस तिकीट काढून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात बसत जातो.

तातेयामा स्थानक ४७५ मीटरवर, पलीकडचे ओगिझावा १४३३ मीटरवर. मधले अंतर ३७ किलोमीटरच, पण ते कापायला केबल कार, बस, बोगद्यातली बस, रोपवे, पुन्हा केबल कार, धरणाच्या माथ्यावरून पायपीट आणि शेवटी आणखी एक बोगदा असा क्रम लागतो. एका दिशेच्या तिकिटाला दहा हजार येनांहून जास्त पडतात. त्याबद्दल कुरकुर करणाऱ्याने वाटेतली गाडीन् गाडी निरखावी. खासगी मोटारींना या मार्गावर पहिल्यापासून मज्जाव आहे. रांगा त्यामुळेच लागतात आणि डोंगर शाबूत राहिला आहे तोही त्यामुळेच.

पहिली केबल कार १९५४ ची. तिच्या खालच्या टोकाला एक उघडा मालडबा जोडलेला असतो. आज त्यात प्रवाशांचे सामान चढते. मुळात तो धरणाच्या बांधकामाचे साहित्य वाहण्यासाठी होता. ती जिथे संपते त्या बिजोदाइराहून पुढचा २३ किलोमीटरचा घाट बस सुमारे पन्नास मिनिटांत चढते.

मुरोदोपासून डोंगराच्या पोटातून ३.७ किलोमीटरचा बोगदा दाइकान्बोला निघतो. १९७१ मध्ये त्यात डिझेलच्या बस सुरू झाल्या आणि बोगद्यात धूर कोंडू लागला. १९९६ मध्ये त्यांची जागा वरच्या तारांवरून वीज घेणाऱ्या ट्रॉलीबसनी घेतली. मुंबईतल्या जुन्या मंडळींना हे वाहन आठवेल: बेस्टने १९६२ मध्ये गवालिया टँक ते माझगाव डॉक ट्रॉलीबस सुरू केली आणि १९७१ च्या मार्चमध्ये गुंडाळली. त्याच वर्षी १ जूनला तातेयामाचा मार्ग सलग खुला झाला, तेव्हा त्याच्या पूर्वेकडच्या बोगद्यात १९६४ पासून ट्रॉलीबस धावतच होत्या. तिथल्या २०१८ मध्ये निवृत्त झाल्या, मुरोदोच्या २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस. त्या जपानमधल्या शेवटच्या ट्रॉलीबस. आता दोन्हीकडे बॅटरीवरच्या बस आहेत. त्या सोयीच्या आहेत यात शंका नाही, पण डोक्यावर दांड्या घेऊन बोगद्यात घुसणाऱ्या त्या गाड्यांची ऐट त्यांना नाही.

दाइकान्बोहून खाली उतरणाऱ्या रोपवेला १.७ किलोमीटरच्या अंतरात मध्ये एकही खांब नाही. उतारावर हिमकडे कोसळतात, तिथे खांब टिकला नसता. आणि नजरेला आडवा आला असता तो वेगळाच. पुढची कुरोबेची केबल कार पूर्णपणे जमिनीखालून जाते. तिचा रूळ बर्फ अडवू शकत नाही आणि बाहेरून तो कुणाला दिसतही नाही. या वाटेवर एकाच बांधणीतून यंत्र बर्फापासून वाचवायचे आणि डोंगर यंत्रापासून झाकायचा, हे वारंवार आढळते.

आणि मग धरण. हा मार्ग आज जसा आहे तसा होण्याचे मूळ कारण तेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओसाका-क्योतोच्या कान्साई भागात विजेचा दुष्काळ होता. कान्साई इलेक्ट्रिक पॉवर कंपनीने १९५६ मध्ये कुरोबेच्या दुर्गम दरीत धरण बांधायला घेतले. साहित्य नेण्यासाठी नागानोच्या बाजूने आधी बोगदा पाडायचा होता. १९५७ च्या मे महिन्यात खोदणारे चुरा झालेल्या खडकाच्या पट्ट्यात शिरले आणि चार अंश तापमानाचे पाणी सेकंदाला ६६० लिटर या वेगाने आत घुसले. पट्टा होता फक्त ८० मीटरचा. तो पार करायला सात महिने लागले. बसमधून जाताना ही जागा निळ्या दिव्यांनी दाखवलेली असते. काही क्षणांत ती मागे पडते.

१९६३ मध्ये धरण पुरे झाले. उंची १८६ मीटर, आजही जपानमधले सर्वांत उंच. माथ्यावरून ४९२ मीटर चालत पलीकडे जाता येते. मधली कमान वक्र आहे, पण दोन्ही टोके पंखांसारखी वळवलेली आहेत, कारण वरच्या बाजूचा खडक कमानीचा रेटा पेलण्याइतका भक्कम नव्हता. जूनअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सेकंदाला दहा घनमीटरांहून अधिक पाण्याचा विसर्ग चालतो. पाणी धारेने न सोडता फवाऱ्यासारखे उडवले जाते, नाहीतर खालचा नदीतळ उखडला असता. दुपारी उन्हात त्यावर इंद्रधनुष्य उमटते आणि कॅमेरे सरसावतात. वीजगृह कुणाला दिसत नाही. खाली दरीत ते पूर्णपणे भूगर्भात आहे, उद्यानाच्या सौंदर्यासाठीही आणि हिमकड्यांच्या भीतीनेही.

या बांधकामात १७१ माणसे दगावली. धरणाच्या टोकाशी त्यांचे स्मारक आहे आणि त्यावर नावे कोरलेली आहेत. १९६८ साली आलेल्या ‘कुरोबे नो ताइयो’ या चित्रपटाने ती बोगद्याची झुंज जपानभर पोचवली. अभिनेता तोशिरो मिफुने त्यात होता. तोपर्यंत धरणाची वाट लोकांसाठी उघडली होती. तोयामाच्या बाजूने डोंगर पोखरून ती पुरी जोडण्याचा ध्यास साएकी मुनेयोशी या स्थानिक रेल्वे-उद्योजकाने घेतला होता.

त्याआधी हा डोंगर देवाचा होता. फुजी आणि हाकुसान यांच्या जोडीने तातेयामा जपानच्या तीन पवित्र पर्वतांत मोडतो. मुरोदोजवळच्या गंधकाच्या वाफांनी धुमसणाऱ्या दरीला यात्रेकरू नरक मानत. यात्रेकरूंसाठीची लाकडी धर्मशाळा तिथे आजही आहे; आताची वास्तू १७२६ ची. बायकांना १८७२ पर्यंत डोंगर चढायला बंदी होती. त्यांच्यासाठी पायथ्याच्या आशिकुराजी गावात डोळ्यांवर पट्टी बांधून पूल ओलांडण्याचा विधी असे. मुक्तीची हमी तेवढ्यावरच. आज बिजोदाइराची बस त्यांना तासाभरात वर नेते.

यंत्रांच्या या गर्दीत निसर्गही आपली खाती उघडी ठेवून आहे. मुरोदोच्या बुटक्या पाइनच्या झुडपांत राइचो हा हिमकोंबडीसारखा पक्षी राहतो, हिवाळ्यात पांढरा आणि उन्हाळ्यात तपकिरी. माणसाला तो फारसा बिचकत नाही. २०१२ पर्यंत जपानमध्ये हिमनदी नाही असेच मानले जाई. त्या वर्षी तातेयामा-त्सुरुगी परिसरातले तीन बर्फपट्टे हिमनद्या म्हणून मान्य झाले. त्यांतल्या दोन हिमनद्या महिनाभरात सुमारे फूटभर सरकत असल्याचे मोजमापांतून दिसले होते.

विजेच्या कामासाठी खोदलेल्या वाटा पर्यटकांना देण्याचा सिलसिला अजून थांबलेला नाही. धरणापासून खाली केयाकिदाइरापर्यंतचे कंपनीचे बोगदे आणि त्यांतली कामगारांची रेल्वे २०२४ च्या जूनअखेरीस लोकांसाठी खुली व्हायची होती. त्याच वर्षी १ जानेवारीला नोतोचा भूकंप झाला, दरीतल्या रेल्वेच्या पुलावर दगड कोसळले आणि तो मुहूर्त पुढे ढकलावा लागला.