अंधाऱ्या न्हाणीत उजेड कसा आणाल?

दुपारचे बारा वाजलेले आहेत. बाहेर लातूरचे किंवा नांदेडचे ऊन डोळे दिपवते आहे. पण तुम्ही न्हाणीत शिरता आणि साबण कुठे आहे ते हाताने चाचपावे लागते! एवढा उजेड दारापाशीच का बरे थांबतो?

मराठवाड्यातील जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, दोन-तीन फूट जाडीच्या. वर मातीचे जड माळवद. चोरांपासून आणि उन्हापासून बचाव व्हावा म्हणून खिडक्या जवळजवळ नसतातच. अशा जाड भिंतीतली लहान खिडकी म्हणजे एक बोगदाच असतो. त्यातून आकाशाचा चिमुकला तुकडा दिसतो, आणि जेवढे आकाश दिसेल तेवढाच उजेड आत येतो.

मग भिंत फोडून मोठी खिडकी करावी काय? थांबा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत अशाच भिंती कोसळल्या आणि हजारो माणसे दगावली. या भिंतीत आतल्या आणि बाहेरच्या बाजूला दगडांचा एकेक थर असतो. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड नसले, तर हादऱ्याने थर सुटे होतात. त्यातच भोक पाडले तर भिंत आणखी दुबळी होते. म्हणून जाणत्या गवंड्याला किंवा अभियंत्याला दाखवल्याशिवाय भिंतीला हात लावू नये. सिमेंटच्या स्लॅबचेही तसेच. त्यातल्या सळया तोडणे धोक्याचे.

आपल्या पूर्वजांनी उजेडासाठी वरची वाट काढली होती. माळवदाला ते एक भोक ठेवीत. त्याला साणे म्हणतात, बोलीत ‘सानं’. चुलीचा धूर त्यातून बाहेर जाई आणि उजेड आत येई. युक्ती पक्की होती, कारण ढगाळ दिवशी डोक्यावरचे आकाश क्षितिजाजवळच्या आकाशाच्या सुमारे तिप्पट तेजस्वी असते. तुमच्या न्हाणीवर बुजवलेले साणे असेल तर ते उघडून घ्या, भोवती विटांचा उंच काठ बांधा आणि वर जाड काच बसवा. पावसाचे पाणी आत येणार नाही.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र चुन्याचा! थोडे गणित करू. भिंतींवर 100 भाग उजेड पडला असे समजा. भिंत धुरकट असेल तर त्यातले 20 भाग परत फिरतात, ते दुसऱ्या भिंतीवर पडून 4 भाग परततात. 100 + 20 + 4 + ... अशी बेरीज 125 पर्यंतच जाते. ताज्या चुन्याची भिंत 80 भाग परत पाठवते असे धरले, तर 100 + 80 + 64 + ... ही बेरीज 500 पर्यंत पोहोचते. खिडकी तीच, उजेड चौपट! फरशी आणि दार उजेड गिळतात, म्हणून प्रत्यक्षात फरक यापेक्षा कमी पडतो, पण डोळ्यांना तो लगेच जाणवतो. बुटांचे दोन खोके घ्या. एकाला आतून पांढरा कागद लावा, दुसऱ्याला काळा. दोन्हींना झाकणात सारखेच भोक पाडा. कोपऱ्यात वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवा आणि बाजूच्या बारीक छिद्रातून वाचून पाहा. (चुना विरवण्याचे काम मात्र मोठ्यांकडे सोपवा. तो उकळतो, आणि डोळ्यात उडाला तर फार इजा करतो.)

स्लॅबच्या घरात दाराच्या वरच्या फळीऐवजी दुधी काच बसवली, की शेजारच्या खोलीचा उजेड उसना मिळतो. पत्र्याचे छप्पर असेल तर आणखी मौज! ब्राझीलमधील आल्फ्रेदो मोझेर या मेकॅनिकने 2002 साली पाण्याने भरलेली दोन लिटरची पारदर्शक बाटली छपरात बसवली. थोडा भाग वर, बाकीचा खोलीत. उन्हाचे किरण पाण्यात वाकतात आणि खोलीभर पसरतात. कडक उन्हात ही बाटली 40 ते 60 वॅटच्या जुन्या दिव्याइतका उजेड देते. पाण्यात शेवाळ होऊ नये म्हणून त्यात थोडे ब्लीच घालतात. बाटलीभोवतीची फट नीट बुजवली नाही, तर पहिल्याच पावसात न्हाणीत दोनदा अंघोळ होईल.

उजेडाबरोबर वाराही हवा. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते आणि ऊन पाण्याच्या अंघोळीनंतर ती छताकडे चढते. म्हणून झरोका छताजवळ हवा, आणि दाराखाली बोटभर फट हवी, म्हणजे खालून कोरडी हवा आत येईल. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. तेलरंग ती आत कोंडतो आणि मग पोपडे सुटतात.

आता पाण्याच्या पिंपाकडे पाहा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले होते. अशा भागात न्हाणीत भरलेले पिंप असणारच. आजवर ते अंधारात होते. आता उजेड आला, म्हणजे उघड्या पिंपात शेवाळही वाढू लागेल, आणि डास तर अंधारातही अंडी घालतात. तेव्हा घट्ट झाकण आजच शोधून ठेवा.