मॅनिफोल्डच्या सांध्यातील धूरगळती
थंड इंजिन सुरू करताच टिकटिक असा आवाज येत असेल आणि धातू तापून प्रसरण पावल्यावर, फट मिटल्यामुळे, तो मंदावत असेल, तर मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरची नळी यांच्या सांध्यातून धूर निसटत असल्याचे बहुधा समजावे. सांध्याभोवती उमटलेला काजळीचा पट्टा हा त्याचा सबळ पुरावा होय. या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वर्णहीन, गंधहीन आणि प्राणघातक असल्याने बंद गॅरेजात इंजिन चालवून तपासणी करणे सर्वथा वर्ज्य मानावे.

दुरुस्तीत खरी कसोटी लागते ती गंजलेल्या स्टडपाशी: इंजिन पूर्ण निवल्यावर गंज सोडवणारे तेल निवांत मुरू द्यावे, आणि नट अडलाच तर बळजोरी न करता मागेपुढे हलवीत सैल करावा, कारण मुळाशी तुटलेला स्टड काढणे हे मूळ दुरुस्तीहून जिकिरीचे काम आहे. फ्लँज खरवडून स्वच्छ केल्यावर तिच्यावर पोलादी पट्टी काठावर उभी धरावी. खालून उजेड दिसला तर फ्लँज वाकली आहे, आणि तिच्यावर नवे गॅस्केटही टिकणार नाही. एकदा दबलेले गॅस्केट पुन्हा बसवण्याची काटकसर तर करूच नये. नट आळीपाळीने, थोडेथोडे, उत्पादकाने मुक्रर केलेल्या टॉर्कबरहुकूम आवळावेत.