सूर्यातलं हेलियम आणि आपलं जेऊर



मागच्या खेपेला ग्रहांविषयी बोलून झालं आणि उठायची वेळ आली, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका ताईंनी प्रश्न विचारला. म्हणाल्या, "सर, सूर्य पंधरा कोटी किलोमीटर लांब आहे म्हणता. तिथे कुणी गेलं नाही, जाऊ शकणार नाही, तिथलं चिमूटभर काही कुणी आणलं नाही. मग तो हायड्रोजन आणि हेलियमचा आहे हे कशावरून?" मी "पुढच्या वेळी सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. पण घरी जाताना मला फार बरं वाटत होतं. माझा मूळ विषय तत्त्वज्ञान, आणि ‘कशावरून?’ हा तर आमच्या घरचाच प्रश्न. तेव्हा आज दुसरं काही नाही. तारा कशाचा बनलाय हे इथे दौंडला बसून कसं कळतं, एवढंच.

ताईंसारखीच शंका फ्रान्समधल्या ऑग्युस्त कोंत या मोठ्या तत्त्वज्ञालाही आली होती. शंका कसली, त्यांनी निकालच देऊन टाकला. १८३५ साली त्यांनी लिहिलं की ताऱ्यांचं अंतर, आकार, गती हे सगळं आपण मोजू शकू, पण ते कोणत्या द्रव्याचे आहेत हे माणसाला कधीच, कोणत्याही उपायानं कळणार नाही. कोंत १८५७ मध्ये वारले. दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, त्यांचा निकाल फिरला. आमच्या विषयातल्या लोकांनी ‘कधीच नाही’ म्हणताना जरा जपून बोलावं, याचं उदाहरण म्हणून मी वर्गात हे नेहमी सांगत आलो. पण कोंतांना हसू नका. त्यांच्या हातात दुर्बीण होती, आणि दुर्बिणीनं तारा फार तर ठिपका दिसतो. ठिपक्यावरून द्रव्य कसं ओळखणार?

आता जरा दिवे बंद करा. हा स्पिरिटचा दिवा. ज्योत बघा, निळसर, अगदी फिकी. तिच्यात मी मीठ टाकतो, आपलं स्वयंपाकातलं मीठ. झाली ना पिवळीधमक? घरी गॅसवर मीठ घातलेलं वरण उतू गेलं की ज्योत अशीच पिवळी होते. ते पिवळेपण मिठातल्या सोडियमचं. एलईडी येण्याआधी रस्त्यांवर जे पिवळे दिवे असायचे ना, ज्यांच्याखाली लाल साडीसुद्धा मळकट करडी दिसायची, तेही सोडियमचेच. तांब्याची ज्योत हिरवट असते, पोटॅशियमची जांभळट. हा प्रकाश काचेच्या लोलकातून पाठवला, की सूर्यप्रकाशासारखा सलग सात रंगांचा पट्टा दिसत नाही. फक्त ठरावीक जागी बारीक चकचकीत रेषा दिसतात. सोडियमच्या पिवळ्यात दोन, अगदी शेजारी शेजारी. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या, जशी प्रत्येकाच्या अंगठ्याची निशाणी वेगळी. दिवे लावा आता.

काचेचं उत्तम काम करणारा फ्राउनहोफर नावाचा एक जर्मन कारागीर होता. १८१४ मध्ये त्यानं सूर्याचा वर्णपट नीट ताणून पाहिला. सात रंगांच्या पट्ट्यात त्याला काळ्या रेषा दिसल्या, पाचशेच्या वर. जणू कापडाचे मधले मधले धागेच ओढून काढलेत. त्यातल्या दोन ठळक काळ्या रेषा पिवळ्यात होत्या, मिठाच्या ज्योतीच्या रेषा जिथे पडतात नेमक्या त्याच जागी. याचा अर्थ लावला हायडेलबर्गच्या किरखोफ आणि बुन्सेन यांनी, त्या १८५९ सालात. तापलेला सोडियम जो पिवळा रंग बाहेर टाकतो, तोच रंग पलीकडून येत असेल तर सोडियमची वाफ तो मधल्या मधे अडवते. झोक्याला त्याच्याच लयीत धक्का दिला तर तो धक्का घेतो, भलत्या लयीत दिला तर दाद देत नाही. अणूचंही काहीसं तसंच. आपल्या लयीचा रंग तेवढा तो उचलतो आणि दाही दिशांना फेकून देतो. आपल्याकडे येणाऱ्या प्रकाशात मग तेवढ्या जागी तूट पडते, तीच काळी रेष. म्हणजे सूर्याच्या तप्त पृष्ठभागावर जी थोडी थंड वायूंची चादर आहे तिच्यात सोडियम आहे. लोखंडाच्या तर कितीतरी रेषा जुळल्या.

आपल्याकडच्या नैयायिकांचं एक ठरलेलं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. डोंगरावर जायची गरज नाही. पण धूर तिथे अग्नी हा नियम, त्याला ते व्याप्ती म्हणतात, तुम्ही आधी कुठे पाहिला? त्यांचं उत्तर ठरलेलं: महानसात, म्हणजे स्वयंपाकघरात. किरखोफनं वेगळं काय केलं? नियम इथल्या ज्योतीत पाहिला आणि सूर्याला लावला. डोंगर पंधरा कोटी किलोमीटरवर होता, इतकाच फरक.

आता हेलियम. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं, त्याचा पट्टा दख्खनवरून गेला. सूर्याच्या कडेला ज्या तांबड्या ज्वाला उसळतात त्या एरवी प्रखर प्रकाशात बुडून जातात, ग्रहणात तेवढ्या दिसतात. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रात गुंटूरला होते. ज्वालांच्या रेषा त्यांना इतक्या तेजस्वी दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्यांना वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी उघड्या सूर्यावर त्यांनी त्या पाहिल्यासुद्धा. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी स्वतंत्रपणे तेच साधलं, २० ऑक्टोबरला. पिवळ्या भागातली एक रेष सोडियमच्या जोडरेषेच्या जवळ होती, पण जुळत नव्हती. पृथ्वीवरच्या कुठल्याच द्रव्याची ती नव्हती. लॉकियर म्हणाले, हे नवं मूलद्रव्य. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याचं नाव पडलं हेलियम. पुष्कळांनी नाकं मुरडली. सत्तावीस वर्षांनी, १८९५ मध्ये, लंडनमध्ये विल्यम रॅमसे यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेष सापडली. सूर्यावर आधी आणि पृथ्वीवर नंतर सापडलेलं हे एकमेव मूलद्रव्य.

इथे मला माझी एक चूक सांगायचीय. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत. १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबांनी तिथूनच हेलियम शोधला, असं आपल्याकडे सांगतात. मीही वर्षानुवर्षं सांगायचो, अभिमानानं. एके वर्षी बी.ए.च्या एका मुलानं, अगदी गरीब चेहऱ्यानं, विचारलं, "सर, ते त्या दिवशी तिथे होते का?" मी चिडलो. मग ग्रंथालयात गेलो आणि गप्प झालो. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्येच होते. १८७१ च्या ग्रहणाला ते भारतात आले, पण केरळात बेकलच्या किल्ल्यावर. विजयदुर्गला ते आले १८९८ साली, दुसऱ्या एका ग्रहणासाठी. तोवर हेलियम प्रयोगशाळेतल्या नळीत बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून हे सांगायला मला किती जड गेलं, ते माझं मला ठाऊक.

पण त्यातून फायदा असा झाला की १८९८ चं ग्रहण माझ्या हाती लागलं. आणि ते तर आपल्या दारातलं निघालं.

२२ जानेवारी १८९८, शनिवार. चंद्राची गडद सावली कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गकडून चढली आणि ईशान्येला निघाली. तिच्या वाटेत करमाळा तालुक्यातलं जेऊर होतं. होय, तेच जेऊर, भिगवणच्या पुढचं, इथून सोलापूरच्या गाडीत बसलं की लागतं ते. रेल्वे होती, जानेवारीतलं आकाश निरभ्र असतं, म्हणून वेध घेणाऱ्यांनी ते निवडलं. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल तिथे आले, चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन. आणि पुण्याहून गेले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. हे नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. दोन. बरं.

नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, शिकवत. भावनगरच्या महाराजांनी दिलेल्या देणगीतून त्यांनी तिथे वेधशाळा उभी केली, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. ताऱ्यांची जागा मोजणं नव्हे, ताऱ्यांचा वर्णपट घेणं हे तिचं मुख्य काम. त्या काळात हिंदुस्थानात हे नवलच होतं. १९१२ मध्ये ती बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथे तिला भावनगर दुर्बीण म्हणत. असो. मुंबईहून काय, पुण्याहून काय, जेऊरला जायचं तर रेल्वेनं दौंडवरूनच जावं लागतं. पुण्यात ते प्लेगचे दिवस. त्या धामधुमीत लोलक, भिंगं, काचेच्या प्लेटा भरलेल्या पेट्या आपल्या स्टेशनातून गेल्या असतील. खग्रास स्थिती किती वेळ? सुमारे दोन मिनिटं. महिनोन्महिने तयारी, आणि दोन मिनिटं!

त्या दोन मिनिटांत त्यांना काय हवं होतं? एक म्हणजे चंद्रानं सूर्य पुरता झाकण्याच्या क्षणी काळ्या रेषा उलटून एकदम तेजस्वी होतात, तो काही सेकंदांचा लखलखाट. मागचा प्रखर पृष्ठभाग झाकला गेला की वायूंची चादर स्वतःच्या प्रकाशात दिसते. किरखोफचं म्हणणं तिथे डोळ्यांसमोर तपासून मिळतं. दुसरी गोष्ट त्याहून गूढ होती. सूर्याभोवती जे मोतिया रंगाचं प्रभामंडल दिसतं, कोरोना (हे नाव रोगाच्या फार आधीचं, बरं का), त्याच्या वर्णपटात एक हिरवी रेष १८६९ पासून माहीत होती. तिची जागा लोखंडाच्या एका रेषेवर पडते असं मानत. १८९८ च्या छायाचित्रांवरून ती जागा चुकीची ठरली. रेष जरा बाजूला होती, लोखंडाशी जुळत नव्हती. पृथ्वीवरच्या कशाशीच जुळत नव्हती.

आता तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय म्हणाला असता? तीन वर्षांपूर्वी हेलियम सापडलाय. तिथेही अनोळखी रेष होती, ती नवं मूलद्रव्य निघाली. मग ही अनोळखी रेषही नव्या मूलद्रव्याची. नावसुद्धा तयार होतं, कोरोनियम. लोक ते ज्वालामुखीच्या वायूतसुद्धा शोधू लागले. पण मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकेक घर भरत गेलं आणि कोरोनियमला जागाच उरली नाही. १९४० च्या सुमारास जर्मनीतले ग्रोट्रियान आणि स्वीडनचे एडलेन यांनी कोडं सोडवलं. ती रेष लोखंडाचीच होती! मात्र त्या लोखंडाच्या अणूतले सव्वीसपैकी तेरा इलेक्ट्रॉन उडून गेले होते. त्यासाठी दहा लाख अंशांच्या वर तापमान लागतं, आणि सूर्याचा पृष्ठभाग तर साडेपाच हजार अंशांचा. शेगडीपासून लांब जावं आणि ऊब वाढत जावी, तसं हे. इतकं तापमान कुणाच्या कल्पनेतही नव्हतं.

नैयायिक याला उपाधी म्हणतील. धूर तिथे अग्नी हे खरं, पण अग्नी तिथे धूर हे खरं नाही. धुराला ओलं सरपण लागतं, ती लपलेली अट. ‘अनोळखी रेष तिथे अनोळखी द्रव्य’ या नियमातही एक लपलेली अट होती: जेवढी तापमानं आपण पाहिली तेवढीच जगात असतील तर. हेलियमच्या वेळी अट पाळली गेली, हिरव्या रेषेच्या वेळी नाही. युक्तिवाद तोच, माणसं तितकीच हुशार. म्हणून ताई, तुमचा ‘कशावरून’ शास्त्रज्ञाच्या मागेही उभा असतो. त्याचं उत्तर आज एक आणि चाळीस वर्षांनी दुसरं येऊ शकतं. पण ते बदलतं रेषांच्या मोजमापानं, कुणाच्या मानापमानानं नव्हे.

मानापमानावरून आठवलं. सूर्यात मुख्य द्रव्य हायड्रोजन आहे हे सेसिलिया पेन या तरुण बाईंनी १९२५ मध्ये आपल्या प्रबंधात दाखवलं. ताऱ्याच्या तापमानावरून रेषा कशा वाचायच्या हे आपल्या मेघनाद साहांचं सूत्र त्यांनी वापरलं होतं. त्या काळचे मोठे तज्ज्ञ रसेल म्हणाले, हे अशक्य. बाईंनी प्रबंधात तसं लिहूनही टाकलं, की हा निष्कर्ष खरा नसावा. चार वर्षांनी रसेल स्वतःच्या वाटेनं त्याच उत्तरावर आले. वजनानं पाहिलं तर सुमारे तीन भाग हायड्रोजन, एक भाग हेलियम, बाकी सगळं मिळून दोन टक्क्यांच्या आत. सोडियम, लोखंड त्या चिमटीतलं. रेषा ठळक म्हणून द्रव्य फार, असं नसतं.

ती हिरवी रेष अजून संपलेली नाही. प्रभामंडल इतकं का तापतं याचं सगळ्यांना पटलेलं उत्तर अजून नाही. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या आदित्य-एल१ यानावर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं बनवलेलं एक उपकरण आहे. ते चकतीनं सूर्य झाकून कायमचं ग्रहण घडवतं आणि जेऊरला दोन मिनिटं मिळालेली तीच हिरवी रेष बघत बसतं.

जाताना एक काम. घरात जुनी सीडी असेलच. रात्री तिच्या चकचकीत बाजूवर आधी एलईडी दिव्याचं प्रतिबिंब पाहा, मग जुन्या पिळाच्या सीएफएल दिव्याचं. पहिल्यात सलग रंग दिसतील, दुसऱ्यात रंगांचे सुटे तुकडे, मधे काळोख. त्यातला ठळक हिरवा कशाचा असेल ते पुढच्या वेळी मला सांगा. सूर्याचं प्रतिबिंब मात्र सीडीत बघायचं नाही, डोळे जातील. कुणी जेऊरचे असतील त्यांनी थांबा, मला तुमच्याशी बोलायचंय.