बुद्धाचे नाव बॉम्बला, धूळ गरिबाच्या फुफ्फुसाला!

बुद्धपौर्णिमेला वालूरला (ता. सेलू, जि. परभणी) वंदना झाली की चहा घेताना हा विषय निघतोच. 18 मे 1974 च्या पोखरण चाचणीला ‘स्मायलिंग बुद्धा’ नाव पडले. 11 मे 1998 चे स्फोट तर ऐन बुद्धपौर्णिमेला झाले. करुणेच्या महासागराची ही विटंबनाच! पण वकील म्हणून आमचा प्रश्न पुढचा आहे. बॉम्बपायी ज्याचे फुफ्फुस गेले, त्याचा पुरावा कोणी द्यायचा?

अमेरिकेचे उदाहरण घ्या. तिथल्या बॉम्बसाठी युरेनियम खणणाऱ्यांत नावाहो आदिवासी मोठ्या संख्येने होते. खाणीत युरेनियमपासून रेडॉन वायू तयार होतो. त्याचे किरणोत्सारी कण धुळीवर बसून श्वासातून फुफ्फुसात जातात आणि आतूनच मारा करतात. कर्करोग उघड व्हायला अनेक वर्षे लागतात. तोवर खाण बंद, मालक पसार, हजेरीचे कागद गहाळ!

नेवाडात 1951 ते 1992 पर्यंत 928 चाचण्या झाल्या. उघड्यावरच्या स्फोटांची राख वाऱ्याने खेड्यांवर पडली. शेवटी 1990 साली भरपाईचा कायदा झाला. ठरावीक भागात ठरावीक काळ राहिलात किंवा खाणीत राबलात आणि यादीतला आजार झाला, एवढे दाखवले की पुरे. आजार त्याच किरणांनी झाला, हे रोग्याने सिद्ध करायचे नाही. फुफ्फुसाचा कर्करोग त्या यादीत आहे. हा कायदा जून 2024 मध्ये संपला. जुलै 2025 मध्ये तो पुन्हा आणावा लागला.

आमच्याकडे 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातही किरणोत्साराचे आजार यादीत होते. अशा कामावर सलग सहा महिने असलेल्याला आजार झाला, तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाई. पण हे संरक्षण कामगाराला, गावाला नाही! पोखरणजवळच्या खेतोलाईचे गावकरी कर्करोगाच्या तक्रारी वर्षानुवर्षे करत आले आहेत. चाचण्या भूमिगत होत्या, धोका नव्हता, असे सरकार सांगते. मग गावाची स्वतंत्र आरोग्य तपासणी करून आकडे जाहीर करायला अडचण कसली?

वालूरला बॉम्ब नाही. पण खडी क्रशरवर राबून दमा घेऊन परतणारा माणूस आमच्या प्रत्येक वस्तीत भेटतो. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिसही कायद्याच्या यादीत आहे. म्हणून बांधवांनो, हजेरीची चिठ्ठी, मुकादमाचे नाव, छातीचा एक्स-रे जपून ठेवा. भगवान बुद्धाने दुःखाबरोबर दुःखाचे कारणही शोधायला शिकवले. ते कारण कागदावर आणल्याशिवाय आम्हाला न्याय मिळणार नाही.